विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय खेळाडू नेमका कोणाला म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक आहे. विद्यापीठाच्या क्रीडा इतिहासावर स्मरणिका निघतेय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळलेल्या खेळाडूंचं प्रकरण माझ्याकडे आलंय. महाविद्यालयांनी ढीगभर नावं पाठवलीत. काहींकडे नेपाळ-भूतानची प्रमाणपत्रं आहेत, काही सैन्यात आहेत, काहींनी इथं एकच वर्ष प्रवेश घेतला होता. एका ज्येष्ठांचा आग्रह आहे की अविनाश साबळेंचं नाव पहिल्या पानावर हवं. आणि वरून निरोप आहे की कोणालाही वगळू नका. निकष काय लावू?"

मॅडम, निवृत्त होईपर्यंत मी हेच काम केलं. संघ निवडणं, पात्रतेचे अर्ज भरणं, खेळाडूला परीक्षेतून सोडवून आणणं, आणि तो परत आल्यावर सत्काराचा हार कोणत्या बजेटमधून आणायचा ते बघणं. म्हणून सांगतो, तुमची खरी अडचण 'आंतरराष्ट्रीय' कशाला म्हणायचं ही नाही. त्यावर सगळे भांडतात, पण ते पुष्कळसं कागदावर ठरलेलं आहे. अडचण आहे 'विद्यापीठाचा' या शब्दाशी. खेळाडू ज्या दिवशी भारताच्या जर्सीत उतरला, त्या दिवशी त्याचं आणि विद्यापीठाचं नातं काय होतं, हा प्रश्न याद्या पाठवणाऱ्यांपैकी कोणीच विचारलेला नसणार.

किती काटेकोर व्हायचं हे स्मरणिका कशासाठी आहे त्यावर अवलंबून आहे. समारंभात वाटून कपाटात जाणारी असेल तर थोडं सैल चालेल. पण तुम्ही 'इतिहास' म्हणताय. म्हणजे पुढे कोणीतरी तिचा आधार देऊन लिहिणार, आणि कोणीतरी त्या पानाची झेरॉक्स नोकरीच्या अर्जाला जोडणार. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे आणि बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्याकडे गाजलेली आहेत. त्यामुळे मी तरी काटेकोर राहीन.

मी नावांचे तीन गट करतो आणि ते एकमेकांत मिसळू देत नाही.

पहिला गट विद्यापीठ व्यवस्थेतून गेलेल्यांचा, म्हणजे जागतिक विद्यापीठ स्पर्धांचा. जुने लोक 'युनिव्हर्सियाड' म्हणतात ती हीच. जागतिक विद्यापीठ क्रीडा महासंघ, म्हणजे 'फिसू', १९४९ चा. पहिली युनिव्हर्सियाड १९५९ ला इटलीत तुरीनला झाली. भारताचा संघ भारतीय विश्वविद्यालय संघ पाठवतो. रस्ता तुम्हाला माहीतच आहे: महाविद्यालय, आंतर-महाविद्यालयीन, विद्यापीठाचा संघ, काही खेळांत आधी पश्चिम विभाग आणि मग अखिल भारतीय, ॲथलेटिक्ससारख्या खेळात थेट अखिल भारतीय, तिथल्या कामगिरीवर निवड चाचणी, आणि मग देशाचा संघ. इथं विद्यार्थी असणं हीच मुख्य अट आहे. त्या वेळी अभ्यासक्रमाला प्रवेश असला पाहिजे किंवा आदल्या वर्षी पदवी घेतलेली असली पाहिजे. वयाची मर्यादा पूर्वी २८ होती, आता २५ आहे. या गटातल्या नावाबद्दल वाद होत नाही, कारण त्याच्या मागे विद्यापीठाच्या सही-शिक्क्याचा कागद असतोच. हा गट छोटा निघेल. निघू द्या.

दुसरा गट, जे आपल्या पटावर असताना राष्ट्रीय संघटनेमार्फत भारताकडून खेळले. एशियाड, राष्ट्रकुल, सॅफ (म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धा), जागतिक किंवा आशियाई अजिंक्यपद. यांना विद्यापीठानं पाठवलेलं नसतं. विद्यापीठानं हजेरी माफ केली, परीक्षा नंतर घेतली, क्रीडा गुण दिले, एवढाच काय तो वाटा. पण तो खरा वाटा आहे आणि लिहिण्यासारखा आहे.

तिसरा गट, जे कधी तरी इथं शिकले आणि नंतर, किंवा आधी, भारताकडून खेळले. यांना माजी विद्यार्थी म्हणा. अभिमान बाळगा, पण 'विद्यापीठाचे खेळाडू' म्हणून मोजू नका. एक वर्ष प्रवेश घेऊन निघून गेलेल्यांचं तुम्ही विचारलंय. त्यांचं उत्तर तारखेत आहे. स्पर्धेची तारीख त्या एका वर्षाच्या आत पडते का बघा. पडली तर दुसरा गट, नाही तर तिसरा. भावना मध्ये आणायच्याच नाहीत.

आता विद्यापीठाचं स्वतःचं वय. खाशाबा जाधवांचं उदाहरण घ्या. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे, आणि त्यांच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पण शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं १९६२ ला. तेव्हा ते पदक राजाराम कॉलेजच्या इतिहासात पहिल्या ओळीत यावं. शिवाजी विद्यापीठाच्या खेळाडूंच्या यादीत मात्र ते बसत नाही. त्यानं पदकाला काही कमीपणा येत नाही.

आपल्याकडे हा गुंता जास्त आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि इथली महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. औरंगाबादचं शासकीय महाविद्यालय १९२३ चं, मिलिंद आणि नांदेडचं पीपल्स १९५० चं. मराठवाडा विद्यापीठ आलं २३ ऑगस्ट १९५८ ला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, आणि नांदेड, लातूर, परभणीकडची महाविद्यालयं तिकडे गेली. म्हणजे लातूरच्या दयानंद महाविद्यालयातला १९८५ चा खेळाडू हा मराठवाडा विद्यापीठाचा. आज दयानंद नांदेडला संलग्न आहे म्हणून तो नांदेडचा होत नाही, आणि लातूर आता आपल्याकडे नाही म्हणून औरंगाबादनं त्याला विसरायचंही नाही. मी असल्या नोंदीत आधी महाविद्यालय, मग त्या वेळचं विद्यापीठ, मग त्या वेळचा जिल्हा लिहितो. लातूर जिल्हा १९८२ चा, जालना १९८१ चा, हिंगोली १९९९ चा. १९७५ ची नोंद 'जि. लातूर' म्हणत असेल तर ती नंतर कोणीतरी तयार केलेली आहे हे समजून चाला.

हाच धागा प्रमाणपत्रांना लावा, फार उपयोगी पडतो. माझ्यासमोर एकदा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असं छापील नाव असलेलं, १९८९ ची तारीख टाकलेलं पत्र आलं होतं. कागद पिवळा, घड्यांवर फाटलेला, शाई फिकी, सगळं कसं जुनं. फक्त ते नाव १९९४ च्या आधी लेटरहेडवर असूच शकत नव्हतं. दुबार प्रत असती तर तसा शेरा आणि आजची तारीख असती. तसंच स्पर्धांचं. दक्षिण आशियाई स्पर्धांना १९८४ पासून 'सॅफ गेम्स' म्हणत. 'साउथ एशियन गेम्स' हे नाव २००४ पासूनचं. १९९५ च्या मद्रासच्या स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर नवं नाव दिसलं तर थांबा. उन्हाळी युनिव्हर्सियाड विषम वर्षी होत आल्यात: १९९५ फुकुओका, २००३ दैगू, २०१३ कझान, २०१९ नेपल्स. सम वर्षी होतात त्या एकेका खेळाच्या जागतिक विद्यापीठ अजिंक्यपद स्पर्धा. कोणी '१९९८ ची वर्ल्ड युनिव्हर्सिटी' म्हणत असेल तर तो खोटंच बोलतोय असं नाही, पण ती अनेक खेळांची स्पर्धा नव्हती, एका खेळाची होती, एवढं स्पष्ट करून घ्या.

उलटाही घोळ होतो. टोकियो २०२० झालं २०२१ ला, हांगझोऊची २०२२ ची एशियाड झाली २०२३ ला, आणि चेंगडूची २०२१ ची विद्यापीठ स्पर्धाही झाली २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये. पटावर होता की नव्हता हे ठरवताना प्रत्यक्ष स्पर्धेची तारीख धरा, नावातलं वर्ष नको. या एका गोष्टीनं अलीकडची काही नावं गट बदलतील.

नेपाळ-भूतानच्या प्रमाणपत्रांबद्दल तुम्ही जरा संकोचानं विचारलंय. संकोच नको. खासगी संघटना पैसे भरून घेतात, दोन-तीन देशांची पोरं जमवतात, पोखऱ्याला किंवा थायलंडला चार दिवस स्पर्धा होते आणि सगळ्यांना पदक मिळतं. पोरगा देशाबाहेर खेळला हे खरं. भारताचा संघ म्हणून खेळला हे खरं नाही. मी तीन गोष्टी बघतो. त्या खेळाच्या मान्यताप्राप्त राष्ट्रीय संघटनेनं संघ निवडला होता का? निवडीचं पत्र आहे का? आणि निकालपत्रकात त्याचं नाव, वजनगट किंवा प्रकार, आणि क्रमांक आहे का? प्रमाणपत्रावर 'इंटरनॅशनल' सोनेरी अक्षरात असतं, पण वजनगटाची जागा कोरी असते, किती देश आले ते कुठंच नसतं, आणि खाली अध्यक्ष व सचिव दोघांच्या सह्या एकाच हाताच्या. अशांना यादीत घेऊ नका. त्या मुलांवर राग धरण्याचं कारण नाही. पुष्कळदा बापानं सोयाबीनचे पैसे त्यात घातलेले असतात. महाविद्यालयाला साधं लिहा: 'मान्यताप्राप्त संघटनेचं निवडपत्र मिळाल्यास समावेश करू.' बहुतेक फाइली तिथंच मिटतात.

आता साबळे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, ५ महार रेजिमेंटमध्ये, आणि त्याचं धावणं तिथं घडलं. २०२२ ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल रौप्य, हांगझोऊला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्ण आणि ५००० मीटरमध्ये रौप्य, पॅरिसला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत. मराठवाड्याच्या मातीतला आजवरचा सर्वांत मोठा धावपटू म्हणा, माझी हरकत नाही. शेजारच्या पाटोद्याचे राहुल आवारे तसेच, २०१८ ला गोल्ड कोस्टला ५७ किलोत राष्ट्रकुल सुवर्ण. ते घडले कुस्तीच्या तालमीत. बीड जिल्हा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, एवढ्यावर त्यांची नावं खेळाडूंच्या यादीत घालता येणार नाहीत. प्रवेशाची नोंद मिळाली तर तिचं वर्ष बघून गट ठरवा. सैन्यातले, पोलिसातले बरेच खेळाडू पदवी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून घेतात. तसं असेल तर ते त्या पटावर. त्या ज्येष्ठांना सांगा की प्रस्तावनेत 'मराठवाड्याची क्रीडाभूमी' म्हणून एक स्वतंत्र परिच्छेद करू, त्यात साबळे पहिले. हा मार्ग बहुतेकांना पटतो.

आणि तो परिच्छेद नुसता गौरवाचा करू नका, कारण तुमच्या यादीचं खरं उत्तर तिथं आहे. आपल्याकडची चपळ पोरं पदवीपर्यंत टिकतच नाहीत. बारावी झाली की भरतीची तयारी. पहाटे डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचं लक्ष सोळाशे मीटरच्या वेळेवर असतं, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेवर नाही, आणि घरची परिस्थिती बघता ते योग्यच आहे. जी मुलं टिकतात त्यांच्या विभागीय स्पर्धा नेमक्या सत्र परीक्षेवर येतात. मुलींचं बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात लग्न ठरतं. निवड चाचणीपर्यंत एखादी पोचली तर पासपोर्ट नसतो. पात्रतेचा अर्ज भरताना, फोटोवर प्राचार्यांचा अर्धा शिक्का मारताना, पुढच्या वर्षी यातली किती जणं पटावर असतील याचा अंदाज मला यायचा. म्हणून यादी आखूड निघाली तर ती विद्यापीठाची नामुष्की समजू नका आणि ती फुगवून झाकूही नका.

दुसरं कारण खेळांचं. आपल्या महाविद्यालयांचं बळ कबड्डी, खो-खो, कुस्तीत. कबड्डी एशियाडमध्ये आली १९९० ला, तीही पुरुषांची. महिलांची २०१० ला. खो-खोला तर दक्षिण आशियाई स्पर्धेत जागा मिळाली २०१६ ला गुवाहाटीला, आणि पहिला विश्वचषक झाला २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत. धाराशिवच्या सारिका काळे त्या २०१६ च्या सुवर्णविजेत्या महिला संघाच्या कर्णधार; त्यांना २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला. आता विचार करा, १९७० आणि ८० च्या दशकात धाराशिव, परभणी, अंबाजोगाईच्या ज्या मुलींनी पश्चिम विभाग गाजवला, त्यांना देशाकडून खेळायला स्पर्धाच नव्हती. तुमचं प्रकरण 'आंतरराष्ट्रीय' या एकाच फुटपट्टीवर बसवलं तर या सगळ्या मुली गायब होतात आणि एखाद्या फारशा कोणी न खेळणाऱ्या खेळातला, दोन देशांच्या स्पर्धेतला मुलगा आत येतो. म्हणून खो-खोसाठी मी एक जोडपान मागून घेईन: ज्या वर्षी आंतरराष्ट्रीय दार नव्हतं, त्या वर्षीचे अखिल भारतीय पदकविजेते संघ. संपादक मंडळात यावर वाद होईल. वाद घाला.

मुलींच्या नोंदी शोधताना एक अडचण येईलच. संघाच्या फोटोखाली 'बसलेले डावीकडून' म्हणून माहेरची नावं असतात, प्रमाणपत्रं कधी सासरच्या नावानं दुबार काढलेली असतात. जन्मतारीख आणि वडिलांचं नाव जुळवा. दोन्ही नावं छापा.

दिव्यांग खेळाडूंना परिशिष्टात टाकू नका. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनात भारताच्या ध्वजवाहक होत्या. तीच कसोटी लावा, त्याच गटात लिहा.

राहिले ते 'जवळपास' खेळलेले. शिबिरातले संभाव्य वेगळे, संघात निवडलेले वेगळे, मैदानात उतरलेले वेगळे. २०२५ ला जर्मनीत ऱ्हाइन-रूरच्या विद्यापीठ स्पर्धेत बॅडमिंटनच्या १२ जणांपैकी ६ जणांना तिथं पोचूनही खेळता आलं नाही, कारण त्यांची नावं वेळेत दिली गेली नव्हती. अशा खेळाडूपुढे 'निवड झाली. सामना खेळता आला नाही' एवढं लिहायचं. त्याची चूक नसताना त्याला गाळणं अन्याय, आणि खेळला म्हणणं खोटं. प्रात्यक्षिकांचंही तसंच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ ला बर्लिनला भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, तो मोठा इतिहास आहे, पण त्याला कोणी ऑलिंपिक स्पर्धक म्हणत नाही.

पुरावे कुठं शोधायचे? खेळाडूच्या घरच्या फाइलीपासून सुरुवात करू नका, शेवट तिथं करा. आधी विद्यापीठाचे वार्षिक अहवाल, मग क्रीडा विभागाची जावक नोंदवही (परीक्षा विभागाला गेलेली 'खेळाडूची परीक्षा नंतर घ्यावी' ही पत्रं सोन्याच्या किमतीची असतात), मग महाविद्यालयाचं जनरल रजिस्टर आणि वार्षिकांक. जुन्या दैनिक 'मराठवाडा'चे अंक आणि १९८२ नंतरचे औरंगाबाद 'लोकमत'चे अंक ग्रंथालयात मिळतात, क्रीडापान चाळा. मोठ्या स्पर्धांचे निकाल आता जागतिक संघटनांच्या संकेतस्थळांवर खेळाडूच्या नावानं सापडतात, तिथं नाव नसेल तर प्रमाणपत्र कितीही सुंदर असो, प्रश्न विचारायलाच हवा. सांघिक खेळांचे जुने निकाल मात्र तिथं क्वचित मिळतात, तेव्हा खो-खो-कबड्डीला हा नियम लावू नका. तिथं वर्तमानपत्र आणि निवडपत्र हेच धरा.

आणि 'कोणालाही वगळू नका' या निरोपाचं. वगळताय कुठं? तीन गट, एक प्रस्तावना, खो-खोचं जोडपान, एवढ्यात जवळजवळ सगळे खरे खेळाडू बसतात, फक्त प्रत्येक जण आपापल्या जागी. हे वरच्यांना तोंडी सांगू नका, एका पानाची टिपणी करून सही घ्या. यादी छापून आल्यावर फोन तुम्हाला येणार आहेत, त्यांना नाही. महाविद्यालयांना नवा तक्ता पाठवताना त्यात प्रवेशाचं वर्ष, सोडल्याचं वर्ष आणि स्पर्धेच्या प्रत्यक्ष तारखा हे तीन रकाने सक्तीचे ठेवा, आणि तो परीक्षेच्या ड्युट्या लागायच्या आत पाठवा. नंतर कोणी उत्तर देत नाही.